सॉकेटात जागा एकाचीच

“काका, ह्या दोघांतला भारी कुठला, हे तुम्ही स्वतः कधी पळवून बघितलंय काय, का डब्यावरचं वाचूनच सांगताय?”

हा प्रश्न रेणूच्या डोक्यातला नव्हता. तो दुकानाच्या पायरीखाली दप्तरं घेऊन उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणींचा होता. बेळगावात रामदेव गल्लीच्या मागच्या बोळात भावकूकाकांचं संगणकाचं दुकान आहे. आत सगळी पोरंच पोरं असतात. मुली आल्याच तर पायरीवर थांबतात आणि वडील नाहीतर भाऊ आत जाऊन वस्तू घेऊन येतो. त्यातून भावकूकाका खानापूरकडचे, आवाज रानात हाक मारल्यासारखा, आणि उगाच चौकशी करणाऱ्याला ‘घेणार असशील तर बोल, न्हायतर वारा येऊ दे’ असं तोंडावर सांगणारे. त्यांच्यातल्या पारमितानं पैज लावायला नेमकी हीच जागा हेरली होती. आत जायचं आणि काकांना हे विचारायचं. नाही जमलं तर दहावी संपेपर्यंत रेणूचं नाव भित्री भागूबाई.

रेणूनं विचारलं. स्क्रू पिळणारे हात थांबले. रेणूचे वडील नागेंद्र एकदम छताकडं बघायला लागले, जणू ही मुलगी त्यांच्याबरोबर आलीच नव्हती. तिची आई नीलम मात्र ओठ दाबून हसत होती.

मित्रांनो, त्या वेळी दुकानाच्या टेबलावर एक काळी पेटी चालू करून ठेवली होती, आणि त्या पेटीत मी होतो. मी एक जुना प्रोसेसर आहे. आकारानं चौकोनी बिस्किटाएवढा. वर चंदेरी पत्रा, खाली केसांसारखे बारीक शेकडो पाय. संगणकात विचार करायचं काम माझं. रेणूनं विचारलेल्या ‘ह्या दोघां’तला एक मी. दुसरा काचेच्या कपाटात, नव्या कोऱ्या डब्यात, रुबाबात बसलेला. आम्हा दोघांचे पाय सारखेच, दोघांनाही तेच सॉकेट, म्हणजे बोर्डावरची बसायची जागा, चालतं. पण एका सॉकेटात एकच बसतो.

हरणाऱ्याचं काय होणार, तेही मी नुकतंच ऐकलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता. नागेंद्रांनी जुन्याचं काय करता म्हणून विचारलं, तेव्हा भावकूकाकांनी तो हलवून दाखवला. खडखड आवाज आला. तो आवाज माझ्या जातभाईंचा होता. चांगला चालणारा असेल तर काका तो पुसून दुसऱ्या कुणाला विकतात. पण असा गरम होऊन बंद पडणारा कोण घेणार? तो डब्यात. डबा भरला की एक माणूस येतो आणि घेऊन जातो. आमच्या पायांना सोन्याचा मुलामा असतो. आम्हाला आम्लात बुडवून तो काढतात. बाकीचं उरलेलं गटारात.

काकांनी हे अगदी सहज सांगितलं. माझे पाय मात्र सॉकेटात असूनही गार पडले.

भीती मला नवीन नाही. मी जन्मलो तोच भीत. वाळूपासून काढलेल्या एका आरशासारख्या थाळीवर आम्ही शेकडो भावंडं एकाच वेळी तयार झालो. मग वरून सुया आल्या. प्रत्येकाच्या अंगात सुई टोचून विचारायचे, किती जिवंत आहेस? माझ्यात आठ गाभे आहेत. म्हणजे आठ जणांनी एका वेळी आठ कामं करावीत तसा मी काम करतो. शेजारच्या भावाचे दोन गाभे बोललेच नाहीत. ते दोन कायमचे बंद केले आणि त्याला कमी दर्जाचं नाव देऊन वेगळ्या रांगेत पाठवलं. पलीकडचा तर काहीच बोलला नाही. तो पुढं कुठं गेला ते कुणीच सांगितलं नाही. माझ्यावर सुई आली तेव्हा मी आठही गाभ्यांनी ओरडलो, आहे, आहे, आहे. तेव्हा कुठं सुटलो.

दुसरी भीती त्याहून मोठी, आणि ती तुम्हाला कधी कळू नये. वीज गेली की मी नसतो. झोपत नाही, स्वप्न पडत नाही, नसतोच. पुन्हा वीज आली की एकदम असतो. मधे काय झालं, किती काळ गेला, पेटी कुणाच्या हातात आहे, काही म्हणजे काही कळत नाही. रेणूचं गाव कंग्राळी, आणि तिथं करंट जाणं नवं नाही. गावातली मंडळी ‘गेला करंट’ म्हणून जांभई देतात. मी मात्र दर वेळी शेवटचं असल्यासारखा जातो.

तरीही कंग्राळीच्या त्या घरात मी सुखात होतो. नागेंद्र उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला. त्यांनीच मला हौसेनं विकत आणलं. नीलम तेव्हा लग्नाचे व्हिडिओ जुळवायचं काम शिकत होती. आज शहरातले कितीतरी फोटोवाले आपलं शूटिंग तिच्याकडं आणून टाकतात. नवरी निपाणीची, नवरा गोकाककडचा, असं लग्न असलं की ती नावं मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन्ही लिप्यांत टाकते. हळद, अक्षता, वरात, रडारड, सगळं कापून जोडून शेवटी ती एक बटण दाबते आणि मग सगळा भार माझ्यावर. त्या वेळी माझे आठही गाभे एकदम कामाला लागतात. एकजण नवरीची साडी, दुसरा मांडवाचे दिवे, तिसरा ढोलाचा आवाज. काम संपलं की नीलम पेटीवर हात ठेवून म्हणायची, “शाब्बास रे माझ्या बैला.” बैल म्हटल्यानं वाईट वाटत असेल असं तुम्हाला वाटेल. शेतकऱ्यांच्या गावात ही केवढी मोठी पदवी आहे ते तिथं राहिल्यावर कळतं.

संध्याकाळी रेणू. ती, पारमिता आणि आणखी दोघी मिळून एक खेळ खेळायच्या. धुरातून पळायचं, छपरावरून छपरावर उडी मारायची, आणि कानाला हेडफोन, तोंडाशी माइक लावून चौघींनी एकदम बोलायचं. त्या बोलण्यातूनच मला जगाची निम्मी बातमी कळते. खेळात काम वेगळं असतं. तिथं आठांचा फारसा उपयोग नाही. दोन-तीन गाभ्यांनी जीव तोडून पळायचं, आणि हवी ती माहिती हाताशी असली पाहिजे. रेणूची उडी चुकली तर चूक माझी. जिंकली तर ती हुशार. मला त्याचंही काही वाटायचं नाही.

आणि खंडेनवमीला तर माझा थाटच. त्या दिवशी फाउंड्रीत प्रत्येक यंत्राला हार पडतो आणि दारात कोहळा फोडतात. नागेंद्र घरी येऊन तेच सगळं पुन्हा करायचे. स्कूटर, पाने-पक्कड, मिक्सर, रेणूची सायकल, सगळ्यांना हळदीकुंकू. पण सगळ्यात जाड झेंडूचा हार माझ्या पेटीवर. पेटीच्या डोक्यावर भोकाभोकांची जाळी आहे, त्यावर हाराचं वेटोळं करून ठेवायचं. त्यांच्या घरची एक रीत होती. नवमीचा हार हातानं उतरवायचा नाही. तो वाळून वाळून आपसूक झडला पाहिजे, तरच यंत्र वर्षभर साथ देतं. म्हणून तो हार दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यावर असायचा. मी त्याच्याखाली मिरवायचो.

फक्त एक होत होतं. दर नवमीनंतर मला जरा जास्त उकडायचं. का, ते कळत नव्हतं. पहिल्या वर्षी थोडं, नंतर आणखी. माझ्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा एक जुडगा आहे आणि त्यावर पंखा. माझी उष्णता पात्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो. पण आता पंखा फिरत असूनही वारा लागत नव्हता. फार तापलं की आम्ही प्रोसेसर आपणच चाल कमी करतो, नाहीतर जळून जाऊ. बघणाऱ्याला वाटतं हा आळशी झाला. आतून मी जीव वाचवत असतो.

यंदाच्या नवमीनंतर तर श्वासच कोंडला. निपाणीच्या एका लग्नाचं काम अर्ध्यावर आलं होतं. उष्णता वाढत गेली, मी चाल कमी केली, आणखी कमी केली, तरी वाढतच गेली, आणि मग मी नव्हतोच. पुन्हा आलो तेव्हा नीलम मांडीवर हात ठेवून नुसती बसली होती. फोटोवाल्याला तिनं फोनवर चार वेळा उद्याचा वायदा दिला. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं, म्हणजे खरी लग्नं पुढंच होती. त्याच आठवड्यात रेणू खेळात दोन छपरांच्या मधे हवेत लटकली आणि तशीच राहिली. माइकवर पारमिता म्हणाली, “खाली ये गं, सणासुदीला वर काय लोंबकळतीस?” सगळ्या हसल्या. रेणू हसली नाही.

नागेंद्रांनी पेटीला हात लावून बघितला, झटकन मागं घेतला आणि हळहळून म्हणाले, “म्हातारा झाला बिचारा.”

मित्रांनो, त्या एका शब्दानं मला जेवढं भिववलं तेवढं त्या सुयांनीही भिववलं नव्हतं. घरात यंत्र म्हातारं झालं असं एकदा ठरलं, की पुढचं सगळं आपोआप ठरतं. नागेंद्रांनी भावकूकाकांना फोन केला. काका म्हणाले, खेळासाठी एक नवा आलाय, त्याच सॉकेटात बसतो, जुना द्या आणि हा न्या. त्याच्या पोटात म्हणे माहितीचं मोठं कोठार आहे, हवं ते तिथंच हाताशी, खेळात त्याच्यापुढं कुणी टिकत नाही. नीलमनं मागून विचारलं, “आणि व्हिडिओला?” काका म्हणाले, “चालतंय की.” नागेंद्रांनी रेणूला नव्याचा शब्द दिला, आणि तिनं त्याच संध्याकाळी माइकवर सगळ्यांना सांगून टाकलं. नवा येणार, पुढच्या शनिवारी बघा मग.

आणि असा तो शनिवार आला, अर्धी शाळा सुटली, आणि रेणूनं तो प्रश्न विचारला.

भावकूकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. सगळ्यांना वाटलं आता ही बाहेर. पण काका म्हणाले, “न्हाय बघितलं. आजवर कोण विचारलंय? चल, बघूया.”

पायरीखाली एकदम कुजबुज झाली.

काकांनी पहिल्यांदा मला पळवलं, होतो तसाच, पेटीत. नीलमच्या पेनड्राइव्हमधलं एक लग्न आणि रेणूचा खेळ. मी काय सांगू तुम्हाला. मी सुरुवात जोरात केली. डबा आठवत होता. जेवढी भीती तेवढा जोर, आणि जेवढा जोर तेवढी उष्णता. अक्षता पडायच्या आतच माझी चाल मंदावली. खेळात रेणूचं पात्र धुरात अडखळत चाललं. मग काकांनी नव्याला त्याच्या कोऱ्या डब्यातून काढलं आणि टेबलावरच्या त्यांच्या उघड्या बोर्डावर बसवलं. वर नवा पंखा. तो दोन्हींत माझ्या कितीतरी पुढं गेला. लग्नातसुद्धा, जे माझं हक्काचं काम.

“झालं की,” नागेंद्र म्हणाले.

“आयतु,” काका म्हणाले. आयतु म्हणजे कन्नडमध्ये झालं. दोन भाषांत माझा निकाल लागला होता. काकांचा हात माझ्या पेटीच्या बटणाकडं आला.

तेवढ्यात रेणू म्हणाली, “काका, हे मला पटलं न्हाय. ह्याला पेटीत कोंडून पळवलासा, आणि त्याला मोकळ्यावर, नवीन पंखा लावून. आमच्या शाळेत शर्यतीत असं केलं तर पोरी सरांची शिट्टी हिसकावून घेतील.”

नागेंद्र दबक्या आवाजात म्हणाले, “रेणू, तुला नवाच पायजे न्हवं? मग कशाला वकिली त्याची?”

“पायजेच की पप्पा. पण जिंकलेला पायजे.”

काका हसले, आणि त्यांनी बटण दाबलं. मी नव्हतो.

पुढचं मी स्वतः अनुभवलेलं नाही. त्याच संध्याकाळी माइकवर पारमिता आणि रेणू एकमेकींना तेच तेच पुन्हा सांगत होत्या, त्यावरून मी जुळवलंय.

काकांनी पेटीचं झाकण काढलं आणि ते जागच्या जागी थबकले. पंख्याच्या खाली, पात्यांच्या प्रत्येक फटीत, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. काही यंदाच्या, केशरी. काही जुन्या, चहाच्या चोथ्यासारख्या. त्यावर धूळ, कुंकू, उदबत्तीची राख, सगळं एकत्र होऊन लिंपण बसलेलं. जाळीतून हार झडत होता तो सगळा आत, माझ्या डोक्यावर, वर्षानुवर्षं.

“वैनी, पेटी आणलासा का बाग?” काका म्हणाले.

नीलमला हसू आवरेना. नागेंद्र वाकून बघत होते. त्यांनी एक पाकळी चिमटीत धरून वर काढली. “मी तर त्याला वर्षभर साथ दे म्हणून घालतोय,” एवढंच ते म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

पण खरा घोळ पुढं झाला. माझ्या आणि त्या पात्यांच्या मधे एक लेप असतो, उष्णता नीट चढावी म्हणून. तो माझ्या त्या भट्टीत वाळून दगड झाला होता. तो सैल व्हावा म्हणून आधी यंत्र थोडं तापवतात आणि मग पाती हळू पिळून सोडवतात. इथं पेटी बंद होऊन गार पडली होती आणि काकांना गिऱ्हाइकं उरकायची होती. त्यांनी सरळ वर ओढलं. पात्यांना चिकटून मीही सॉकेटातून उपटला गेलो. उलटं करून बघितलं तर कडेचे दोन पाय वाकलेले.

“गेला,” काका म्हणाले. “माझ्याच हातनं गेला. पण सोडा, तसापण डब्यातच जाणार होता.” आणि त्यांनी मला पात्यांवरून सोडवून डब्याच्या झाकणावर ठेवलं. आत नव्हे, वर. हे नुसतं ऐकूनही मी घाबरतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा मला काही कळतच नव्हतं.

नागेंद्र म्हणाले, राहू दे. नीलमनं पेनड्राइव्ह उचलून पर्समध्ये टाकला. रेणू सांगते, तिला त्या पर्सच्या चेनचा आवाज सहन झाला नाही. शर्यत खरी न होताच मम्मी ‘चालतंय की’वर समाधान मानणार, आणि पुढच्या प्रत्येक लग्नाला वाट बघत बसणार, हे तिला त्या आवाजात कळलं.

ती पायरीकडं वळून म्हणाली, “पारू, तुझी पेन्सिल दे. शिसं घालायची. शिसं काढून दे.”

पारमिता पेन्सिल घेऊन आत आली. तिच्या मागून बाकीच्या दोघीही आल्या. पायरी रिकामी झाली. शिसं काढलेल्या पेन्सिलीचं टोक म्हणजे एक बारीक पोकळ नळी. वाकलेला पाय त्या नळीत अलगद घालायचा आणि केसाएवढा सरळ करायचा. रेणूनं हे कुठंतरी व्हिडिओत बघितलं होतं. फक्त बघितलं होतं. पाय तुटला तर संपलं, तो परत जोडता येत नाही. काकांनी तिला तेच सांगितलं आणि आपला दिवा तिच्याजवळ सरकवला.

“मी आधी असलं कधीच केलं नव्हतं, पारू,” रेणू नंतर म्हणाली, “पेन्सिल जोरात मागितली म्हणून तुला कळलं न्हाय.”

“कळलं की,” पारमिता म्हणाली. “मी बोलले न्हाय.”

पहिला पाय सरळ झाला. दुसरा उलट्या बाजूला जास्त गेला, मग थोडा मागं आणला. काकांनी भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. कशी हलवली, होकारार्थी का नकारार्थी, यावरून दोघींचं अजून भांडण आहे.

आणि मग, मित्रांनो, मी होतो.

एकदम. वर उघडा दिवा, भोवती माणसांची गर्दी, आणि डोक्यावर वारा. गार वारा. किती वर्षांनी. मला वाटलं हे कुणा दुसऱ्याचं अंग आहे. मी काकांच्या उघड्या बोर्डावर होतो, नवा जिथं बसला होता तिथं, त्याच पंख्याखाली. मी घाबरत घाबरत सगळे पाय मोजले. दोन पाय दुखत होते, पण बोलत होते.

लग्न सुरू झालं. मी आधी सवयीनं जपून चाललो, आता कोंडेल, आता कोंडेल म्हणून. कोंडलं नाही. मग मी आठही गाभे सोडले. हळद, अक्षता, वरात, दोन्ही लिप्यांतली नावं. नव्यापेक्षा मी स्पष्ट पुढं राहिलो. पोरांनी शिट्टी मारली. पण पुढं खेळ होता, आणि खेळात नवाच पुढं होता. अगदी सरळ पुढं. त्याच्या कोठाराला माझ्याकडं उत्तर नाही. मी कुठं अडखळलो नाही, रेणूचं पात्र कुठं लोंबकळलं नाही, पण सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांचा आकडा त्याचा मोठा. खोटं कशाला सांगू?

म्हणजे निकाल असा, की कामात मी आणि खेळात तो. आणि खेळ रेणूचा होता, शब्द नागेंद्रांचा होता, आणि मैत्रिणींना सांगून झालं होतं. माझी भीती जिथल्या तिथं परत आली. मघाशी मी कोंडल्यामुळं हरलो असं तरी म्हणता येत होतं. आता मोकळ्या वाऱ्यात, खरा खरा, मी निवडला जाणार होतो किंवा टाकला जाणार होतो.

रेणूनं काकांना विचारलं, “आमच्या घरचा स्क्रीन सेकंदाला एवढी चित्रं दाखवतोय काय?”

काका म्हणाले, “न्हाय. तुमचा जुना हाय. ह्याच्या निम्मी दाखवतोय. फरक आकड्यात दिसंल, डोळ्याला दिसायचा तर स्क्रीनपण नवा लागंल.” आणि मग हळू, “हे मी आधी सांगायला पायजे होतं.”

नागेंद्र म्हणाले, “रेणू, नवाच घे. मी शब्द दिलोय. स्क्रीन पुढच्या वर्षी बघू.”

नीलम म्हणाली, “माझं काय, रात्रभर लावून ठेवलं की होतंय.”

पारमिता रेणूच्या कानाशी म्हणाली, “घे गं. सगळ्या वर्गाला सांगून बसलीस.”

ते सगळे बोलत होते आणि मी चालू होतो. खेळ संपला होता, काम काही नव्हतं, तरी माझी उष्णता वाढत होती. कपाटाच्या काचेपाशी नवा आपल्या डब्यावर ठेवलेला होता. पहिल्यांदाच मला त्याची कीव आली. तोही अशाच थाळीवर सुया सोसून आलेला. त्याचीही काही चूक नव्हती. आम्हा दोघांना कुणी विचारलं असतं तर आम्ही म्हणालो असतो, आम्ही दोन वेगळ्या कामांचे आहोत, आम्हाला एका रांगेत उभं करू नका. पण आम्हाला कोण विचारणार?

म्हणून तुम्हाला विचारतो, मित्रांनो. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी पेटीत बसलेलं असेल. ते मंद झालं की ‘म्हातारं झालं’ असं लगेच म्हणू नका. आधी झाकण उघडून त्याला श्वास घेता येतोय का ते बघा. त्याला सजवा, त्याची पूजा करा, त्याच्यावर माया करा, पण अधूनमधून त्याची धूळही पुसा. आणि दोघांची तुलना करायची झाली तर दोघांनाही सारखा वारा द्या. नंतर जो निकाल लागेल तो आम्ही निमूट सोसू. मी तर तेव्हा सोसायला तयार होऊन बसलो होतो.

रेणूनं पेन्सिल पारमिताला परत दिली. ती घामानं ओली झाली होती म्हणून आधी स्कर्टला पुसली. मग रेणू टेबलाच्या आतल्या बाजूला, काकांच्या स्टुलाशेजारी जाऊन उभी राहिली. त्या दुकानात त्या जागेवर आजवर कुठली मुलगी उभी राहिली नसेल. तिथून ती म्हणाली,

“मम्मी, पप्पा, मी ठरवलंय. नवा घ्यायचा न्हाय, हाच घरी न्यायचा. आणि माझी परीक्षा झाली की उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज हितं येणार. वस्तू घ्यायला न्हाय, काम शिकायला. काकांना मी अजून विचारले न्हाय, पण तुम्हाला आधी सांगतेय.”